तिरफळ म्हणजे त्रिफळा नव्हे, आणि ते चिनीही नाही

गेल्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या नातेवाइकांकडून मला एकच मजकूर आला. त्याचा सारांश असा: तिरफळ आणि त्रिफळा एकच. हा मूळचा चिनी मसाला, व्यापाऱ्यांबरोबर कोकणात आला. मिरी संपली तर तिच्याऐवजी घाला. बियांसकट पूड करून ठेवा आणि रोज चमचाभर घ्या. रानात फुकट मिळतो. यातलं एकेक तपासून बघू, कारण लोक हे खरं मानून स्वयंपाकघरात वापरायला लागले आहेत.

पहिली गोष्ट नावाची. त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा आणि आवळा या तीन फळांचं चूर्ण. तिरफळ हे एकाच झाडाचं, वाटाण्याएवढं फळ, आणि त्याची जागा कालवणात आहे. दोन्हींत सारखं आहे ते फक्त कानाला लागणारं नाव. तेव्हा त्रिफळ्याचा चमचाभराचा हिशेब तिरफळाला लावू नका.

आता चीनचं. चिनी स्वयंपाकातली सिचुआन मिरी आणि आपलं तिरफळ एकाच कुळातली, अगदी एकाच प्रजातीगटातली भावंडं आहेत, हे खरं. दोन्ही लिंबाच्या कुळातली. म्हणून तर ताजं तिरफळ चुरडलं की लिंबाच्या सालीसारखा वास येतो. लिंबू-संत्र्याच्या बागांना रोग लागेल या भीतीनं अमेरिकेनं 1968 पासून 2005 पर्यंत सिचुआन मिरीच्या आयातीवर बंदी घातली होती, तीही या नात्यामुळेच. पण भावंडं असणं वेगळं आणि एकच असणं वेगळं. आपलं तिरफळ सह्याद्रीच्या रानातलं, खोडभर जाड काटे असलेलं उंच झाड आहे. ते इथं कुणी आणून लावलेलं नाही. नावंच बघा ना. मलयाळममध्ये त्याला मुळ्ळिलम म्हणतात, मुळ्ळु म्हणजे काटा. किनारपट्टीच्या कन्नडमध्ये जुम्मनकाई, म्हणजे तोंडात जुम् करणारं फळ. गोव्यात तेफळ. ज्या वस्तू चीनच्या म्हणून आपल्याकडे आल्या त्यांच्या नावातही ते उतरलं: दालचिनी, चोपचिनी, कबाबचिनी. तिरफळाच्या एकाही देशी नावाला ‘चिनी’ चिकटलेलं मला माहीत नाही.

मिरीऐवजी घालायचा सल्ला मला सगळ्यात जास्त खुपला. मिरी जिभेला भाजते. तिरफळ भाजत नाही, झिणझिण्या आणतं आणि किंचित बधिरता. 2013 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी सिचुआन मिरी लोकांच्या ओठांना लावून पाहिलं. त्यांना जाणवलेली थरथर सेकंदाला साधारण 50 कंपनांएवढी होती. म्हणजे हा पदार्थ स्पर्श ओळखणाऱ्या नसांना हात घालतो. तिरफळाची झिणझिण त्याच घराण्यातली. आमच्या आजीला नसा-बिसा ठाऊक नव्हत्या, पण बांगडा आणि तारली यांसारख्या तेलकट, उग्र वासाच्या माशांना तिरफळ हवंच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सात-आठ तिरफळं पाण्याचा हबका मारून हलकी ठेचायची आणि बांगड्याच्या तिखल्यात शेवटी सोडायची. पापलेटाला ती हात लावू द्यायची नाही, त्याची नाजूक चव मरते म्हणायची. बिनमाशाच्या दिवशी तीच तिरफळं तूरडाळीच्या आमटीत पडायची. खोबऱ्याच्या वाटणाबरोबर ती कधी पाट्यावर गेली नाहीत, आणि ताटात आलेलं तिरफळ चावायचं नाही, बाजूला काढायचं, हे आम्ही पोरं बोलायला लागायच्या आधी शिकलो. हे सगळं ‘मिरीला पर्याय’ या दोन शब्दांत गडप होतं.

बियांचं तर प्रत्यक्ष उदाहरण घरातच घडलं. माझ्या पुण्याच्या भाचीनं तो मजकूर वाचून अख्खं पाकीट मिक्सरला लावलं. आमटी कडवट झाली आणि दाताखाली कचकच. तिचा फोन आला, “मावशी, ही खराब निघाली का गं?” तिरफळं चांगली होती. स्वाद सगळा वरच्या सालीत असतो. फळ वाळलं की तोंड उघडतं, आत काळी चकचकीत बी दिसते, ती काढून टाकायची. तिला पुन्हा पाकीट पाठवलं, यावेळी बिया वेचून.

राहिलं ते फुकटचं. पावसाळ्यात काटेरी झाडावर चढून किंवा लांब आकडीनं ओढून घोस उतरवणाऱ्याचे हात पाहिलेत का कधी? मग ते उन्हात वाळवायचे, आणि त्या दिवसांत ऊन कुठलं? घोस फांदीच्या टोकाला येतात, म्हणून घाईतली माणसं फांदीच तोडून खाली आणतात. तोडलेल्या फांदीला पुढच्या वर्षी काही येत नाही. त्यामुळे आठवडी बाजारात कुणी बाई तिरफळांचे वाटे लावून बसली असेल तर भाव पाडून मागू नका. तिला एवढंच विचारा, घोस तोडून आणलेत की फांदी.