नानांनी बॉयलर सरळ केला

परवा मी स्वयंपाकघरात मोदकांचा दुसरा घाणा उतरवत होते. तेवढ्या दहा मिनिटांत नानांनी माझ्या इंजिनाचा बॉयलर सरळ केला.

इंजिन प्लास्टिकच्या ठोकळ्यांचं. ते बटणं-बटणं असलेले, एकमेकांत टच्चकन बसणारे ठोकळे. चार महिने, रोज रात्री बँकेतून आल्यावर, जेवणं उरकून, मी ते जुळवत होते. मोटर घातली, सहा पेन्सिल सेलची डबी घातली, आणि यंदा गणपतीभोवती रूळ मांडून ते फिरवायचं ठरवलं. गणपती बसले, इंजिन फिरलं, सगळं झालं. मग दुसऱ्या दिवशी दर्शनाला नाना आले.

नाना म्हणजे आमचे मामेसासरे. राहतात इथेच, ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, तीन घरं सोडून. नोकरी रेल्वेत, 36 वर्षं. पार्सल ऑफिसात होते ही गोष्ट ते सांगत नाहीत आणि आम्ही काढत नाही. नमस्कार झाला, खुर्चीवर टेकले, आणि खुर्ची नेमकी इंजिनाच्या डाव्या अंगाला.

इथेच घोटाळा झाला. कारण हे इंजिन आहे ‘शे’. मिशिगनमधल्या एफ्रेम शे नावाच्या एका लाकूडवाल्यानं 1881 मध्ये याचं पेटंट घेतलं. जंगलातून ओंडके आणायचे, चढ उभा, वळणं अवघड, रूळ कसेबसे टाकलेले. तिथं नेहमीचं इंजिन घसरायचं नाहीतर रूळच उखडायचं. शेनं सिलिंडर उभे केले आणि सगळे उजव्या कुशीला लावले. त्यांच्याखालून गाडीच्या लांबीभर एक दांडा नेला आणि त्या दांड्यावरून गिअरनं एकूण एक चाक फिरवलं. उजवीकडे एवढं वजन आलं म्हटल्यावर तोल साधायला बॉयलर डावीकडे सरकवला. मुद्दाम. ओहायोतल्या लिमाच्या कारखान्यात 1945 पर्यंत अशी सुमारे 2,770 इंजिनं झाली, आणि माझ्या माहितीप्रमाणे कुणाच्याही मामेसासऱ्यांनी तिथं जाऊन बॉयलर मधोमध आणला नाही.

डाव्या बाजूनं पाहिलं तर शेला यंत्र म्हणून काही नाहीच. बंब चाकांवर ठेवून दिल्यासारखा दिसतो. नाना पाच मिनिटं त्या बंबाकडे बघत होते.

“चिरंजीवांनी केलंय?”

“मी केलंय, नाना.”

“हो हो, तू मदत केली असशील. पण टेढं झालंय ना हे.”

“ते तसंच असतं. उजवीकडून बघा, तिकडे सिलिंडर आहेत.”

“अगं, 36 वर्षं रेल्वेत काढली. टेढं इंजिन रूळावर राहील का?”

“वजन समतोल व्हावं म्हणूनच तर डावीकडे घेतलाय बॉयलर.”

“जयविलास राजवाड्यातली आगगाडी पाहिलीस ना, चांदीची? पंगतीत टेबलावरून फिरायची. ब्रँडी, सिगार, सगळं घेऊन. कुणी सुरई उचलली की जागच्या जागी थांबायची! ती टेढी आहे का?”

आता याला काय उत्तर द्यायचं? ती टेढी नाही. ती महाराजांची आहे, चांदीची आहे, आणि तिला उभा चढ चढून ओंडके आणायचे नाहीत, सरळ टेबलावर ब्रँडी वाढायची आहे. ग्वाल्हेरच्या माणसाशी कुठल्याही आगगाडीबद्दल बोला, तिसऱ्या वाक्याला तो त्या टेबलावर जातो. नाहीतर छोट्या लाइनवर. तिथं नानाही गेलेच.

“आपली श्योपुरची गाडी घे. दोन फुटी रूळ! बॉयलर कसा? नाकासमोर.”

श्योपुरच्या गाडीचा विषय माझ्यासमोर काढू नये. दोनशे किलोमीटरची ती लाइन 2020 मध्ये बंद झाली, तेव्हा आमच्या नात्यातल्या प्रत्येकानं “आपला वारसा गेला” म्हणून फोटो पाठवले. त्यातले निम्मे आयुष्यात कधी त्या गाडीत बसले नव्हते. “कोण दिवसभर त्या डब्यात घुसमटणार” म्हणून जीपनं जायचे. मी बसले होते, बाबांबरोबर, चार वेळा. टपावर माणसं, खिडकीत माझं डोकं, गाडी इतकी सावकाश की रुळाकाठची शेळीसुद्धा मान वर करायची नाही. ते असो. इंजिनाचं वेड मला तिथं लागलं, चिरंजीवांना नाही. चिरंजीव अकरावीत आहेत आणि चार महिन्यांत त्यांनी एकदाच विचारलं, “आई, हे टेबलावरून कधी हलणार?”

आलेल्या प्रत्येकाचं हेच. “मुलाचा प्रोजेक्ट का?” मुलाचा नाही म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: “बाई, एवढा वेळ मिळतो तुला?” ह्यांचा मित्र घरात 40 मनगटी घड्याळं जमवून बसलाय, त्याला वेळ मिळतो का असं कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. तो शौकीन. मी रिकामटेकडी.

तर मी आत गेले. मोदक उतरवले, तूप घातलं, बाहेर आले. नाना खुर्ची पुढं ओढून बसलेले, चश्मा नाकाच्या शेंड्यावर, चेहऱ्यावर शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचं समाधान. इंजिनाचा बॉयलर बरोब्बर मध्यावर. बाजूला प्रसादाची वाटी, आणि वाटीत ठोकळ्यांचा ढीग.

“घे. सरळ झालं. हे वरचे उरलेत.”

‘वरचे’ म्हणजे तिन्ही सिलिंडर. आणि तो दांडा. त्या दांड्यापायी माझे दीड महिने गेले होते. मोटर सरळ चाकांना जोडून दांडा नुसता शोभेला ठेवता येतो, पुष्कळजण तसंच करतात. पण मला चाकं दांड्यावरूनच फिरायला हवी होती. वळणावर दांडा वाकायला हवा, म्हणून सांधे. नुसतं वाकून भागत नाही, लांब-आखूडही व्हावं लागतं, म्हणून अधिकच्या चिन्हासारख्या काडीवर सरकणारी नळी. खऱ्या शेमध्येही दांडा असाच सरकतो. सांधा जरा घट्ट झाला की गिअर कटकट करत दात सोडायचे, सैल केला की काडी निसटायची. एका रात्री दोन वाजता, पहिल्यांदाच, इंजिन आख्खं वळण न कुरकुरता गेलं. घरात सगळे झोपलेले. सांगायला कुणी नव्हतं.

“नाना, हा काढायचा नव्हता.”

“एकाच बाजूला लोंबत होता ग तो. गणपतीपुढं बरं दिसत नाही.”

मी बटण दाबलं. मोटर गुणगुणली. इंजिन जागचं हललं नाही.

“बघ, आवाज किती साफ झाला! मघाशी नुसतं खडखड.”

“चालत नाहीये ते, नाना.”

“चालायचंय कुठं त्याला? गणपतीपुढं तर ठेवायचंय.”

खऱ्या शेची गंमत अशी की गिअरमुळे त्याचा भकभकाट एवढा भरभर होतो, डोळे मिटून ऐकणाऱ्याला मेल निघाली वाटावी. गाडी जेमतेम ताशी वीस किलोमीटर. माझ्या शेनं आता तेही सोडलं होतं. नुसता आवाज. नाना पाच मोदक खाऊन उठले. जाताना दारात शेजारच्या काकूंना म्हणाले, “मुलानं छान बनवलंय. थोडं टेढं होतं, मी दुरुस्त करून दिलं.” आमचे हे हसले. हसले म्हणजे काय, त्यांना हसूच आलं. त्या हसण्याचा हिशेब अजून व्हायचाय.

विसर्जनानंतर वाटी घेऊन बसले. सिलिंडर मिळाले, दांडा मिळाला, सांधे मिळाले. बारा दातांचे गिअर चार होते, तीन सापडले. सोफ्याखाली नाही, केरात नाही. दुर्वा-फुलांबरोबर निर्माल्यात गेला असणार.

काल नानांचा फोन. “चालतंय ना आता नीट?”

“हो,” म्हटलं.

“चिरंजीवांना सांग, पुढच्या वेळेस आधी मला दाखवायचं.”