पंचाहत्तरीनंतर एवढं कुठं जायचं असतं?

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या महिन्यात चुलतभावानं एसटीवरून वाद काढला. स्वारगेटहून साताऱ्यापर्यंत तो उभा राहून आला आणि बसलेल्यांतले निम्मे ‘फुकटे’ होते, असं त्याचं म्हणणं. फुकटे म्हणजे अमृत योजनेतले, पंचाहत्तरी ओलांडलेले, ज्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीत पैसे पडत नाहीत. महामंडळ तोट्यात आणि म्हातारी माणसं आपली गावोगाव हिंडतायत. शेवटी त्यानं लिहिलं, ‘पंचाहत्तरीनंतर एवढं कुठं जायचं असतं?’ खाली सात अंगठे.

हे मी टोकियोत, मेट्रोच्या तोझाई लाइनच्या डब्यात वाचलं. मीही उभीच होते, आणि त्याबद्दल कुठल्याही ग्रुपवर लिहिलं नाही.

अरे दादा, सवलतीचे पैसे राज्य सरकार महामंडळाला भरून देतं. वेळेवर देत नसेल तर मंत्रालयात जाऊन भांड, खिडकीशी बसलेल्या आजोबांशी कशाला? रेल्वेनं मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत काढून घेतली, करोना सरला तरी परत दिली नाही. तेव्हा ग्रुपवर कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

इथे टोकियोत सत्तरीनंतर सिल्व्हर पास मिळतो. अगदी फुकट नाही, पण वर्षाचे एकदा पैसे भरले की बसनं कितीही फिरा. या देशात दहांतली जवळजवळ तीन माणसं पासष्टीपुढची आहेत. ती सगळी ‘कुठं जायचं’ म्हणून घरी बसली तर आमचं निशी-कासाई स्टेशनच बंद पडेल. स्टेशनबाहेर सकाळी सात वाजता सिल्व्हर सेंटरचे एक आजोबा असतात. हिरवं जाकीट, पांढरे हातमोजे. लोक घाईत सायकली कशाही लावून पळतात. हे एकेक सायकल मागच्या चाकाशी धरून उचलतात, वीतभर सरकवतात, हँडल सगळ्यांचं एका बाजूला वळवतात आणि दोन पावलं मागे जाऊन रांग बघतात. मग पुढची. साठीनंतर कुणीही या सेंटरचा सभासद होतो आणि आठवड्यातले काही दिवस झेपेल तेवढं काम घेतो. आज ही सेंटरं जपानभर आहेत, पण त्यांची सुरुवात झाली ती आमच्याच एदोगावा वॉर्डात, १९७५ साली. (‘आमच्याच’ हा शब्द हातून सहज गेला. राहू दे.)

आणि आपल्याकडे? अठ्ठावन्नला निवृत्ती की साठला, यावर वर्षानुवर्षं वाद, जणू त्यापुढे माणसाला आयुष्यच नाही. त्यानंतर सरकार फक्त नोव्हेंबरात आठवण काढतं, हयातीच्या दाखल्यासाठी.

हे सगळं मी ग्रुपवर लांबलचक लिहिलं. अंगठे दोन, त्यातला एक माझ्या नवऱ्याचा.

लिहिलं नाही ते असं. इथे पासष्टीपुढच्या चौघांतला एक अजून कामावर जातो. त्यात हौस किती आणि पेन्शन पुरत नाही म्हणून किती, हे मला हातमोज्यांवरून कळत नाही. २०२४ मध्ये घरात एकटं असताना मेलेल्यांची संख्या जपानच्या पोलिसांनी मोजली: ७६,०२०. त्यातले ५८ हजारांवर पासष्टीपुढचे. गेल्या हिवाळ्यात आमचे सायकलवाले आजोबा दिसेनासे झाले. नऊ वर्षं रोज सकाळी त्यांना ओहायो, म्हणजे सुप्रभात, म्हटलं होतं. चौकशी करायला गेले, तर नाव माहीत नाही. ‘ते हिरव्या जाकिटातले’ म्हणावं, तर समोर उभा असलेला माणूसही हिरव्या जाकिटातलाच. मी त्यालाही ओहायो म्हटलं आणि गाडी पकडली.

आणि आईचं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. साताऱ्यात एकटी राहते, म्हणून मी दिवाणखान्यात कॅमेरा बसवून घेतलाय. मे महिन्यात एकदा संध्याकाळी सात वाजता, म्हणजे तिकडे दुपारी साडेतीनला, मोबाइलवर बघितलं तर सोफा रिकामा. पंखा बंद. अर्ध्या तासानं पुन्हा बघितलं, तेच. फोन उचलेना. शेजारच्या वहिनींना दार वाजवायला पाठवलं, कुलूप. रात्री आईचाच फोन आला. कऱ्हाडला मैत्रिणीकडे गेली होती.

‘‘काय काम होतं?’’

‘‘काम कसलं? बसायला गेले होते.’’

मी चिडले. एवढं ऊन, वय काय, कुणी सांगितलंय, घरी बसवत नाही का तुला? तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘कंडक्टरनं आधार कार्ड बघितलं, म्हणाला, आजी, तुम्ही पंच्याहत्तरच्या वाटत नाही.’’ खूश होती.

दादानं विचारलं तेच मी आधी विचारून बसले होते, फक्त काळजीच्या आवाजात. त्याला निदान त्याची सीट हवी होती. मला आई कॅमेऱ्यात हवी होती.

आता कधी कधी गाडीत उभ्या उभ्या मी माझा हिशेब करते. सत्तरीला मलाही सिल्व्हर पास मिळेल. बसचा नकाशा मला पाठ आहे. पण आधी फोन न करता, काही काम नसताना, जिथं जाऊन चपला काढाव्यात असं एक घर या शहरात आठवायला जाते, आणि माझा स्टॉप येतो. पंधरा वर्षं झाली इथे येऊन.

दादाला यातलं काही कळवलेलं नाही.