सात रंगांवर ऊन संपत नाही

शिक्षकांच्या आणि पालकांच्या गटांतून सध्या एक मजकूर फिरतो आहे: मुलांना ऊन समजावा, रेडिएशनपासून वाचवा. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं. ऊन म्हणजे सात रंग. ते निसर्गाचं, म्हणून निरुपद्रवी. ऊब येते ती अवरक्त, म्हणजे तांबड्यापलीकडच्या न दिसणाऱ्या किरणांमुळे, तेव्हा हवा थंड असली किंवा ढग असले की काळजी नको. बंद काचेच्या खिडकीत बसूनही ड जीवनसत्त्व मिळतं. मोबाइल, वायफाय आणि मायक्रोवेव्हमधून निघतं ते मात्र ‘रेडिएशन’, म्हणजे विषच. शेवटी शिक्षकांना सल्ला: सहावी ते आठवीच्या मुलांना विद्युतचुंबकीय वर्णपट (रेडिओलहरींपासून दृश्य प्रकाश ते क्ष-किरणांपर्यंतचा सगळा पट्टा) झेपत नाही, इंद्रधनुष्यावर थांबा.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण माझा खरा राग आहे तो शेवटच्या सल्ल्यावर, कारण आधीच्या सगळ्या चुकांचं मूळ तिथेच आहे. इंद्रधनुष्यावर थांबलेली मुलंच मोठेपणी असले मजकूर पुढे ढकलतात.

आधी ते सात रंग. ‘तानापिहिनिपाजा’ पाठ असायला हरकत नाही, पण वर्णपटात सात वेगवेगळे पट्टे नसतात. एक रंग दुसऱ्यात कुठे मिसळला ते बोट ठेवून सांगता येत नाही. खुद्द न्यूटनने सुरुवातीला पाचच रंग धरले होते. नारिंगी आणि पारवा त्याने नंतर घातले, कारण त्याला संगीतातल्या सात स्वरांशी मेळ बसवायचा होता. स्वरांच्याच हिशेबाने बोलायचं तर डोळ्यांना दिसणारा प्रकाश जेमतेम एक सप्तक भरतो. जांभळ्या टोकाला तरंगलांबी (लाटेच्या एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचं अंतर) सुमारे 380 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या 380 पट, तांबड्या टोकाला तिच्या जवळपास दुप्पट. सूर्याचा आवाका दोन्ही बाजूंना याच्या कितीतरी पलीकडे जातो. जमिनीवर पोचणाऱ्या सौर ऊर्जेतला दृश्य प्रकाशाचा वाटा निम्म्याहूनही कमी आहे. साधारण अर्धी किंवा थोडी जास्त ऊर्जा अवरक्त असते आणि काही टक्के अतिनील, म्हणजे जांभळ्यापलीकडची न दिसणारी.

मोबाइल आणि वायफाय ज्यांवर चालतात त्या रेडिओलहरी तरी माणसाच्याच असतील? तेही नाही. फेब्रुवारी 1942 मध्ये ब्रिटनच्या रडारांवर एकाएकी प्रचंड खरखर सुरू झाली. युद्धाचे दिवस, त्यामुळे शत्रूने रडार जाम केलं अशीच शंका आली. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स स्टॅन्ली हे (Hey) यांनी तपासलं तर खरखर सूर्याच्या दिशेने येत होती, आणि त्या वेळी सूर्यावर डागांचा मोठा समूह होता. सूर्य क्ष-किरणही सोडतो. ते वातावरणात वरच शोषले जातात म्हणून आपल्यापर्यंत पोचत नाहीत, एवढंच.

आता ऊब आणि अवरक्त किरण. हा मुद्दा अर्धा बरोबर आहे आणि म्हणून जास्त घातक आहे. 1800 साली खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने लोलकातून ऊन पाडलं आणि काळे फासलेले तापमापक वेगवेगळ्या रंगांत ठेवले. तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथला पारा सगळ्यांत वर गेला. अवरक्त किरण सापडले ते असे. पण यावरून ‘अवरक्त म्हणजेच उष्णता’ असं शिकवणं चूक. कुठलाही प्रकाश शोषला गेला की त्याची उष्णता होते. काळ्या कापडावर पडलेला हिरवा प्रकाशही त्याला तापवतोच. शिवाय लोलक सगळ्या किरणांना सारखं पसरवत नाही. अवरक्त किरण तो दाटीवाटीने जवळजवळ टाकतो आणि जांभळ्याकडचे ऐसपैस पसरवतो, त्यामुळे तांबड्यापलीकडचा तापमापक थोडा फुकटचा भाव खाऊन जातो. आठवीच्या हुशार मुलाला हे सांगितलं तर समजतं आणि आवडतंही.

खरी गोची पुढच्या उडीत आहे: गरम वाटत नाही, म्हणजे धोका नाही. त्वचेला अतिनील किरण जाणवतच नाहीत. ते डोळ्यांना दिसत नाहीत, आणि उन्हातल्या उबेत त्यांचा वाटा नगण्य असतो. त्यांचं प्रमाण हवेच्या तापमानावर नाही, तर सूर्य आकाशात किती वर आहे, वातावरणात ओझोन किती आहे आणि आपण समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहोत यावर ठरतं. दर हजार मीटर चढलं की ते साधारण दहा टक्क्यांनी वाढतं. ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील परावर्तित करतो, म्हणून गोठवणाऱ्या थंडीतही गिर्यारोहकांचे चेहरे भाजतात. पातळ ढगांतूनही 80 टक्क्यांपर्यंत अतिनील खाली येऊ शकतं. मुलांना यासाठी यंत्र लागत नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की अतिनील जोरात आहे असं समजावं. लांब सावली म्हणजे किरण वातावरणातून तिरपे, लांबचा रस्ता कापून येत आहेत आणि वाटेत बरेचसे शोषले जात आहेत.

काचेचा मुद्दा लवकर उरकता येतो. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं ते मुख्यतः 280 ते 315 नॅनोमीटरच्या अतिनील-बी किरणांमुळे. खिडकीची साधी काच नेमके हेच अडवते आणि त्याहून लांब तरंगलांबीचे अतिनील-ए बऱ्याच प्रमाणात आत सोडते. म्हणजे काचेमागे जीवनसत्त्व जवळजवळ शून्य, आणि त्वचेला वय आणणारे किरण मात्र चालू.

आता ‘रेडिएशन’. या शब्दाने घाबरायचं असेल तर आधी सूर्याला घाबरायला हवं, कारण ऊनही रेडिएशनच आहे. मुलांना इथे दोन प्रश्न विचारायला शिकवावं. एका लहरीच्या पुडक्यात, म्हणजे फोटॉनमध्ये, ऊर्जा किती? आणि अशी पुडकी एकूण किती येतात? वायफायची एक नेहमीची वारंवारता 2.4 गिगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे 12 सेंटिमीटर. अतिनील-बीची सुमारे 300 नॅनोमीटर. तरंगलांबी जितकी कमी तितकी फोटॉनची ऊर्जा जास्त, म्हणून उन्हातल्या अतिनील-बीच्या एका फोटॉनमध्ये वायफायच्या फोटॉनच्या सुमारे चार लाख पट ऊर्जा असते. पेशीतल्या डीएनएची जोडणी थेट बिघडवायला ती पुरते. वायफायचा एकटा फोटॉन तिथे काहीच करू शकत नाही.

मायक्रोवेव्ह ओव्हनही जवळपास त्याच वारंवारतेवर चालतो, मग तो अन्न कसं तापवतो? इथे दुसरा प्रश्न कामाला येतो. ओव्हन बंद धातूच्या पेटीत शेकडो वॉट कोंडतो. घरातला राउटर वॉटच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास शक्ती सोडतो, तीही चहूकडे पसरून. आणि ओव्हन करतो ते तापवणंच. अन्न त्यातून किरणोत्सर्गी होत नाही.

मोबाइलच्या बाजूने आंधळी वकिली मला करायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये रेडिओलहरींना ‘कदाचित कर्कजनक’ या 2बी गटात टाकलं. याचा अर्थ पुरावा तोकडा आहे, पण शंका पूर्ण मिटलेली नाही. मात्र त्याच संस्थेने सूर्याच्या किरणांना 1992 मध्येच पहिल्या गटात ठेवलं आहे, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेलं. निसर्गाचं म्हणून निरुपद्रवी, हे म्हणणं तिथेच संपतं.

राहिला शेवटचा सल्ला. सूत्रं आणि दहाच्या ऋण घातांकांची माळ फळ्यावर लिहिली तर सहावीच काय, बारावीचीही मुलं जांभया देतील. पण वर्णपट तिथून सुरू करायलाच हवा असं कोणी सांगितलं? हर्शेलचा प्रयोग पुठ्ठ्याच्या खोक्यात होतो. खोक्याच्या वरच्या कडेला लोलक बसवा, तळाच्या सावलीत पांढऱ्या कागदावर रंग पाडा. तीन तापमापक घ्या, पाऱ्याचे नकोत, अल्कोहोलचे, आणि त्यांचे फुगे काळे रंगवा. एक निळ्यात, एक पिवळ्यात, एक तांबड्याच्या जरा बाहेर ठेवा. काही मिनिटांत आकडे बोलू लागतात. सूर्याकडे थेट पाहायचं नाही, लोलकातून तर मुळीच नाही, हे आधी दोनदा बजावा.

अतिनीलसाठी उन्हात काळा होणारा चष्मा वर्गात कोणाकडे तरी असतोच. तो सावलीत, उघड्या उन्हात, खिडकीच्या काचेमागे आणि सनस्क्रीनचा पातळ थर दिलेल्या पारदर्शक प्लास्टिकखाली धरून मुलांना नोंदी करू द्या. मात्र इथे दोन खाचखळगे आहेत. काचेमागे चष्मा थोडा तरी काळा होतो, कारण तो अतिनील-ए किरणांनाही दाद देतो. ‘काच काहीच अडवत नाही’ असा निष्कर्ष मुलांनी काढला तर तो तिथेच थांबवावा लागतो. दुसरं, थंड हवेत हीच भिंगं जास्त गडद होतात. त्याचं कारण जास्त अतिनील नव्हे. उष्णतेने त्यांच्यातला रंग लवकर उतरतो आणि थंडीत तो टिकून राहतो. म्हणून सगळ्या नोंदी एकाच दिवशी, साधारण एकाच तापमानाला घ्याव्यात, आणि तसं का करायचं ते मुलांनाच शोधू द्यावं.