शनिवारचा आनंद आणि सोमवारचा वर्ग

महाराष्ट्र शासनाने मार्च 2024 मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केला. त्याच्या यादीत प्राणायाम-ध्यानाबरोबर रस्तासुरक्षा आणि नातेसंबंध हाताळण्याचे कौशल्यही आहे. शिक्षकी पेशातल्या मित्रांशी बोलताना त्यावर दोन मते ऐकू येतात: अभ्यासक्रमच पुरा होत नाही तिथे हे कशाला, आणि अमेरिकेत शाळेत भावना हाताळायला शिकवणे केव्हाच सुरू झाले, आपणच मागे राहिलो.

दुसऱ्या मताबद्दल शिकागोजवळ राहणाऱ्या पालकाने बोलायला हरकत नसावी. आमच्या इलिनॉय राज्याने 2003 मध्ये मुलांच्या मानसिक आरोग्याचा कायदा केला आणि त्यातून पुढच्या वर्षी सामाजिक-भावनिक शिक्षणाची, म्हणजे आपल्या भावना ओळखून सांभाळणे आणि इतरांशी नीट वागणे शिकवण्याची, स्वतंत्र मानके आली. म्हणजे मूळ हेतू आरोग्याचा होता, सुविचार पाठ करून घेण्याचा नव्हे. माझ्या मुलीच्या वर्गात चार रंगांचा तक्ता आहे. सकाळी आल्यावर मुले आपल्या नावाचा चिमटा मनःस्थितीप्रमाणे निळ्या, हिरव्या, पिवळ्या किंवा लाल रंगावर लावतात. चिमटा लाल रंगावर दिसला की बाई कारण विचारत नाहीत, मुलाला कोपऱ्यातल्या गादीवर बसू देतात आणि मग सवडीने त्याच्याजवळ जातात. ही सवड मिळते, कारण वर्गात वीस-बावीस मुले असतात आणि गरज पडली तर समुपदेशक त्याच इमारतीत असतो.

इथेही सगळे आलबेल नाही. फ्लोरिडाने 2022 मध्ये गणिताची अनेक पुस्तके नाकारताना इतर कारणांबरोबर याच शिक्षणाचेही कारण पुढे केले, ते मला राजकारण वाटते. पण मुलांच्या भावनांविषयी प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात, त्या माहितीचे पुढे काय होते, ही पालकांची शंका रास्त आहे. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या शाळांतील सजगतेच्या (माइंडफुलनेस, म्हणजे ध्यानासारख्या सरावाच्या) वर्गांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि नेहमीच्या अध्यापनापेक्षा त्यांचा अधिक लाभ आढळला नाही. शनिवारी ध्यानाला बसवून काम भागेल असे मानणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

म्हणून विषय वेळापत्रकात असावा, पण त्याला गुण वा श्रेणी नको. जिल्हा परिषदेच्या शाळेतील जो शिक्षक मतदारयाद्या, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरण्यात अडकला आहे, त्याच्याकडून रडणाऱ्या मुलासाठी सवड मागणे अन्यायाचे आहे. आधी ती कामे काढून घ्यावीत, निदान प्रत्येक केंद्रामागे, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटामागे, एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा. शनिवारच्या उपक्रमांची यादी त्यानंतर वाढवता येईल.