क्लिकचे पैसे लागते बाप्पा!

आमची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे, वरूडकडे. आमच्या भागात दगड भिरकावला तर तो कुत्र्याला लागायच्या आधी नर्सरीवाल्याला लागते. जंभेरीच्या, म्हणजे एका जातीच्या लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधायचा, पावसाळा लागला की कलमा विकायच्या, एवढंच आम्हाला येतं. गिऱ्हाईक आपोआप यायचं, म्हणजे काटोलचा जावई मोर्शीच्या साळ्याला सांगायचा आणि साळा उधारीवर घेऊन जायचा.

मागच्या वर्षी भाच्यानं डोक्यात भरवलं, "मामाजी, ऑनलाइन जाहिरात करा न!" त्यानंच एक जाहिरातवाला पोट्टा धरून आणला. त्यानं कलमांच्या मधात आमच्या बाबांना पांढरी टोपी घालून उभं केलं, फोटो काढला अन् सांगितलं, काका, जाहिरात दिसली तर पैसे नाही, कोणी दाबली तरच पैसे, क्लिकमागं ४ रुपये. मले वाटलं हे तर भारीच आहे. ३००० भरले, वर १८ टक्के जीएसटीचे ५४० गेले ते वेगळेच.

आठ दिवसांत ७५० क्लिक झाले अन् पैसे संपले. फोन आले अकरा. त्यातला एक पुण्याचा, गच्चीवरच्या कुंडीसाठी दोन कलमा घरपोच भेटतील का म्हणून. विक्री शून्य.

बरं, एवढं दाबून कोण रायलं होतं? तर आमचे बाबा. रोज संध्याकाळी मारुतीच्या ओट्यावर बसायचे अन् ज्याच्या मोबाईलमध्ये जाहिरात दिसली त्याला म्हणायचे, "दाब, दाब, मोठा फोटो दिसते!" एकाच मोबाईलवरून कोणी दाबतच बसलं तर तसे क्लिक कंपनी गाळते म्हणे, पण इथं तर अख्ख्या गावाचे मोबाईल वेगवेगळे अन् प्रत्येकाला टोपी मोठी करून पाहायची! बाबांना समजवायला गेलो तर म्हणाले, "लग्नात फोटोवाल्याले हजारो देते, अन् बापाचा फोटो पाह्यला त कायले जीवावर येते तुह्या?" यावर काय बोलाव बाप्पा.

भाचा म्हणे, मग रिझल्टवर पैसे द्या. तो पुण्यात शिकते, त्याला सगळं पाठ आहे. गूगलनं २००० साली जाहिराती सुरू केल्या तेव्हा हजार वेळा दिसली की पैसे असा हिशेब होता, २००२ पासून क्लिकवर आले. काम झाल्यावरच पैसे हे पण त्यांनी २००७ मध्ये करून पाहिलं, पुढच्याच साली गुंडाळलं. मी म्हटलं, गुंडाळलं काहून? तर म्हणे रिझल्ट झाला हे कंपनीला कळलं पाहिजे न, सामान वेबसाईटवरच विकलं तर कळते, म्हणून अॅमेझॉन १९९६ पासून गिऱ्हाईक पाठवणाऱ्याला विक्रीवर कमिशन देते. आता आमची विक्री होते बांधावर, नगदी नाहीतर दिवाळीनंतर देतो या बोलीवर. ते गूगलला कसं कळाव? आमच्या घरच्या लक्ष्मीला नाही कळत.

तरी पोट्टा कबूल झाला. रिझल्ट म्हणजे फोन, एका फोनचे ६०. फोन धडाधड सुरू. एकाला मिरचीची रोपं पाहिजे, एक मलेच लोन देते म्हणे, एकाला पोराचं लग्न जमवायचं होतं अन् जाहिरातीच्या फोटोतली वावरं आवडली होती. पोट्टा म्हणे, काका, लीड, म्हणजे गिऱ्हाईकाची चौकशी, तर आली न? मी म्हटलं लीड गेली खड्ड्यात, कलम विकली तर बोल. शेवटी विक्रीवर पाच टक्के ठरलं.

तर पहिलंच बिल त्यानं कोणाचं लावलं? मोर्शीच्या साळ्याचं! त्यानं जाहिरात आधी पाहिली होती म्हणे, पाहिल्यावर महिनाभरात माल घेतला तर ती विक्री जाहिरातीचीच धरते आमच्यात. अबे, तो वीस वर्षांपासून येऊन रायला, अन् आमच्याकडे भाव करायलाच महिना लागते! त्यापेक्षा बाजार समितीतला अडत्या बरा, माल विकला तरच त्याची अडत, अन् काटा आपल्या डोळ्यासमोर. इथं काटाही त्याचाच, नजरही त्याचीच.

पण मी काही सोडलं नाही, भांडलो, साळ्याचं बिल कापायला लावलं अन् मग जो भेटन त्याला ऐकवत सुटलो, मी फक्त रिझल्टवर पैसे देतो म्हणून. जुलैत आर्वीकडचे एक कास्तकार आले, जाहिरात पाहूनच आले होते, खरेखुरे. तीन एकरांसाठी सव्वातीनशे कलमा निवडल्या, गाडीत भरल्या. चहा पाजता पाजता त्यांनाही माझं पुराण ऐकवलं. त्यांनी शांतपणे बशी खाली ठेवली.

"पटलं भाऊ. काम दिसल्याबिगर पैसे कायले द्याव. मंग मीबी पाचव्या वर्षी देतो, संत्रा लागला का."

बाबा मागून म्हणाले, "अन् याह्यच्या गाडीसंग माहा एक फोटो काढून टाक."