जिभेखालच्या थेंबांनी शेंगदाण्याची ॲलर्जी ‘मुळापासून’ जाते का?

सध्या व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतो आहे. खाद्यपदार्थाची ॲलर्जी असलेल्याने जिभेखाली औषधाचे थेंब ठेवले की सहा महिन्यांत ॲलर्जी मुळापासून जाते आणि मग काहीही खाता येते. या उपचाराला कसलाही धोका नाही. रक्ताच्या एका तपासणीत सापडलेल्या सगळ्या पदार्थांवर एकच बाटली पुरते. आणि तीव्र ॲलर्जीत जीव वाचवणारे ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन जवळ बाळगण्याची गरज उरत नाही, असे त्यात म्हटले आहे. आमच्या घरच्या ग्रुपवर तो आला तेव्हा आईने लगेच विचारले, ‘‘म्हणजे येत्या एकादशीला मनूला खिचडी द्यायची का?’’ मनू माझी भाची. तिला शेंगदाण्याची ॲलर्जी असल्याने आमच्याकडे तिच्यासाठी कढई आणि झारा वेगळा असतो.

ही उपचारपद्धती थोतांड नाही, हे आधी सांगितले पाहिजे. जिभेखालच्या नाजूक त्वचेत ॲलर्जीची प्रतिक्रिया भडकवणाऱ्या मास्ट पेशी कमी असतात आणि प्रतिकारशक्तीला सहन करायला शिकवणाऱ्या पेशी भरपूर असतात, म्हणून ज्या पदार्थाची ॲलर्जी आहे त्याचेच अत्यल्प प्रथिन तिथे रोज दोनेक मिनिटे धरून मग गिळल्यास शरीर हळूहळू त्याला सरावते. स्पेनमधल्या संशोधकांनी 2005 साली हेझलनटच्या ॲलर्जीवर याची रीतसर चाचणी प्रसिद्ध केली. त्यानंतरचे बरेचसे काम शेंगदाण्यावर झाले.

आता ‘मुळापासून जाते’ या दाव्याकडे वळू. अमेरिकेत 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 48 मुलांना शेंगदाण्याचे 2 मिलिग्रॅम प्रथिन रोज जिभेखाली दिले गेले, आणि तेही सहा महिने नव्हे, तर तीन ते पाच वर्षे. शेवटी रुग्णालयात प्रत्यक्ष खाऊ घालून तपासले तेव्हा 32 मुलांना 750 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रथिन सहन झाले, पण 5,000 मिलिग्रॅमचा टप्पा 12 मुलांनीच गाठला. हे आकडे आपल्या स्वयंपाकघरात आणून पाहावेत. शेंगदाण्यात साधारण चौथा हिस्सा प्रथिन असते, म्हणजे 750 मिलिग्रॅम प्रथिन तीन ग्रॅम कुटात, जेमतेम चहाच्या एका चमच्यात मावते. आणि बशीभर साबुदाण्याच्या खिचडीत कूट किती पडतो, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. चुकून कूट लागलेला चमचा तोंडात गेला तर जीव धोक्यात येऊ नये, एवढे संरक्षण या उपचाराने बऱ्याच मुलांना मिळू शकते. रोज काळजाचा ठोका चुकणाऱ्या आईबापांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण ती मुभा नव्हे.

उपचार थांबवल्यावर काय उरते, याचा तर संदेशात उल्लेखच नाही. किशोरवयीन आणि प्रौढ रुग्णांवरच्या आणखी एका अमेरिकी अभ्यासात तीन वर्षांनंतर, डोस काही आठवडे बंद ठेवूनही सहनशीलता टिकलेले 37 पैकी फक्त 4 जण निघाले, आणि निम्म्याहून अधिक जणांनी उपचार मध्येच सोडला, मुख्यतः रोजचा डोस पाळणे न जमल्यामुळे. एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये अलीकडे आलेले निष्कर्ष यापेक्षा बरेच आशादायक आहेत. तरीही तिथे उपचार तीन वर्षे चालला होता, हे विसरून चालणार नाही.

धोक्याबद्दल थोडक्यात सांगतो. तोंडात आणि घशात खाज येणे ही नेहमीची तक्रार. गंभीर प्रतिक्रिया क्वचित, पण अशक्य नाहीत. शेंगदाण्याचे प्रथिन थेट खायला देण्याच्या पद्धतीपेक्षा थेंब सौम्य असतात हे खरे, मात्र परिणामही त्या मानाने कमी मिळतो.

एका बाटलीत सगळे पदार्थ हा दावा मला सर्वांत बेजबाबदार वाटतो. शेंगदाण्यावर मिळालेले यश जसेच्या तसे दुसऱ्या पदार्थाला लावता येत नाही: दुधाच्या ॲलर्जीवरच्या 2012 सालच्या चाचणीत फक्त जिभेखालचा उपचार घेतलेल्या 10 मुलांपैकी एकच मूल अखेरच्या चाचणीत उत्तीर्ण झाले. शिवाय अशा जाहिरातींमागे पुष्कळदा आयजीजी नावाच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी असते, जी त्या पदार्थाशी शरीराची ओळख झाली आहे एवढेच दाखवते. तिच्यावरून ॲलर्जीचे निदान होत नाही, आणि मूल विनाकारण गहू, दूध, अंडी यांना मुकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने गवताचे पराग, रॅगवीड नावाचे तण आणि धुळीतले माइट हे सूक्ष्म जीव यांच्या ॲलर्जीसाठी जिभेखालच्या गोळ्यांना मान्यता दिली आहे. खाद्यपदार्थांसाठीच्या अशा एकाही औषधाला दिलेली नाही.

राहिले ॲड्रिनॅलिन. थेंब सुरू असतानाही प्रतिक्रिया येऊ शकते, आणि ताप, दमवणारा व्यायाम किंवा चुकलेले डोस यांमुळे कमावलेली सहनशक्ती एखाद्या दिवशी अचानक घटू शकते. अंगावर गांधी उठून आवाज बसू लागला किंवा धाप लागली, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ताबडतोब दिलेले ॲड्रिनॅलिन हाच पहिला उपचार आहे. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. आपल्याकडे आधीच मात्रा भरलेले तयार ऑटोइंजेक्टर सहज मिळत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांकडून वजनानुसार मात्रा लिहून घ्यावी आणि ती भरून टोचायला घरातल्या दोघातिघांना तरी यायला हवे.

आईला मी हेच सांगितले: उद्या मनूचे थेंब सुरू झाले, तरी ती किती शेंगदाणा पचवू शकते हे रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली तपासले जाईपर्यंत तिचा झारा वेगळाच राहील.