‘सेम टू सेम’वाल्यांनो!

‘सेम टू सेम आहे, बिनधास्त न्या’ म्हणणाऱ्या प्रत्येक स्पेअरवाल्याला माझ्या टाटामोबाइल २०६ पिकअपखाली आडवं घालून तो पार्ट त्याच्याच हातानं बसवायला लावला पाहिजे.

गाडी ऐन विशीत घेतलेली. १९८८ साली आलेलं मॉडेल, टाटाचीच १९९१ची सिएरा गाडी यावरूनच बेतलेली. म्हणून जो तो शहाणपण शिकवतो, ‘सिएराचं लावा की!’ अरे बाबांनो, सिएराचे हौशी काय झोपा काढतायत? कुर्ल्याच्या भंगारातून त्यांनी ते कधीच उचललंय.

दाराचं रबर आणलं, तर कोपऱ्यात गोळा होतं. दार लावायला खांदा द्यावा लागतो. काचेचं हँडल छान बसतं आणि नुसतंच गरगर फिरतं, काच ढिम्म! फाळक्याच्या बिजागरीची भोकं तर बोटभर सरकलेली. वर सल्ला काय, ‘थोडा ग्राइंडर मारा ना.’ मारतो, कुठे मारायचा तेही ठरवलंय! परत करायला जावं तर ‘ग्रीस लागलंय, आता घेणार नाही.’

त्यात गल्लीतली पोरं येता-जाता विचारणार, ‘काका, देऊन टाकायची का?’

नाही द्यायची!